दुसरा रिमोट

१९८३ च्या जुलैमध्ये निन्टेंडोने जपानात फॅमिकॉम हे खेळाचं यंत्र विकायला काढलं. त्याला दोन कंट्रोलर होते, वायरीने यंत्रालाच कायमचे जोडलेले, आणि ते दोन्ही सारखे नव्हते. पहिल्यावर स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणं होती. दुसऱ्यावर ती नव्हतीच. तिथे एक छोटा माइक आणि आवाज कमीजास्त करायची पट्टी होती. खेळ कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा, एकट्याने खेळायचा की दोघांनी, हे सगळं पहिल्याने ठरवायचं. दुसऱ्याने कंट्रोलर हातात धरून तयार राहायचं.

नव्वदच्या दशकात आमच्या वेंगुर्ल्यात बंदराकडच्या घरांमधून जे टीव्ही गेम आले, ते याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. खोक्यावर नाव कुठलंही असो, आत रचना तीच. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेलं असायचं आणि आत मोजकेच खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. नकला करणाऱ्यांनी माइक काढून टाकला, आपोआप गोळ्या सुटणारी टर्बो बटणं वाढवली, पण आमच्या घरातल्या दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट काही आलं नाही. कंट्रोलरला आम्ही सगळे रिमोटच म्हणायचो, घरात अजूनही तसंच म्हणतात.

चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी आले की घर चुलत-मामे-आते भावंडांनी भरून जायचं. मी त्या सगळ्यांत धाकटी, शिवाय मुलगी. माझ्या वाट्याला कायम दुसरा रिमोट. ‘बॅटल सिटी’ हा रणगाड्यांचा खेळ आमच्यात सगळ्यांचा लाडका. नामकोने तो १९८५ साली काढला होता. त्याच्या पहिल्या पडद्यावर एक खेळाडू, दोन खेळाडू आणि बांधकाम असे तीन पर्याय यायचे. निवड करायचं सिलेक्ट बटण पहिल्या रिमोटवर. ते दाबून दादाने बाण खाली सरकवला नाही, तर मी त्या खेळात नव्हतेच. मला ते फार लागायचं.

पुढे सोल्डरिंग शिकले, जुने रिमोट उघडून बघायला लागले, तेव्हा आतली व्यवस्था कळली. फॅमिकॉमच्या कंट्रोलरमध्ये ४०२१ नावाची एक साधी चिप असते. आठही बटणांची खबर ती एकाच वायरीवरून, एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने पाठवते: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. दुसऱ्या कंट्रोलरमध्येही हाच क्रम, हीच रांग. म्हणजे सिलेक्ट आणि स्टार्टची जागा तिथेही राखलेली होती. फक्त बटण बसवलेलं नव्हतं. हे समजलं त्या दिवशी मला खूप वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

आता आमच्या माजघरात टीव्हीखाली एक लहानशी पेटी आहे. तिच्यात रास्पबेरी पाय ४ हा संगणक आहे, ८५ बाय ५६ मिलिमीटरचा एक बोर्ड, आणि त्याच्यावर आम्ही जुने खेळ खेळतो. २०१९ साली तो बाजारात आला. केंब्रिजमध्ये जन्मलेल्या या संगणकाच्या घराण्याबद्दल मला आपुलकी आहे. त्याच्या ‘मॉडेल ए’, ‘मॉडेल बी’ या नावांमागे एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो हा जुना संगणक आहे, आणि तोच बीबीसी मायक्रो १९८४ पासून ‘क्लास’ या सरकारी योजनेतून भारतातल्या शाळांमध्ये आला होता. ज्या आर्म जातीच्या प्रोसेसरवर रास्पबेरी पाय चालतो, तीही एकॉर्नमध्येच जन्मली. पण पेटीबद्दल एवढं पुरे. पेटी कुणीही घेतली तरी तीच असते. घरागणिक बदलतं ते पेटीला जोडलेलं सामान, आणि खेळाची सगळी मजा किंवा सगळा वैताग त्या सामानातच असतो.

तयार मिळणाऱ्या छोट्या यंत्रांकडे बघितलं तरी हे दिसतं. निन्टेंडोने २०१६ मध्ये जुन्या एनईएसची, म्हणजे फॅमिकॉमच्या परदेशी अवताराची, छोटी आवृत्ती काढली, तिच्याबरोबर एकच कंट्रोलर, आणि त्याची वायर जेमतेम पाऊण मीटर. एवढ्याशा वायरीने खेळायचं तर टीव्हीच्या काचेला नाक लावून बसावं लागतं. पुढच्या वर्षी एसएनईएसच्या, म्हणजे एनईएसनंतरच्या यंत्राच्या, छोट्या आवृत्तीबरोबर दोन कंट्रोलर दिले, वायरही लांब केली. २०१८ चा सी ६४ मिनी म्हणजे कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकाची छोटी प्रतिकृती, त्याच्यावरचा कीबोर्ड नुसता दाखवायचा, त्यातली एकही कळ दाबली जात नाही. खरा कीबोर्ड यूएसबीने जोडावा लागतो. यूएसबीच्या जागा दोन, त्यांतली एक जॉयस्टिकला गेली, दुसरी कीबोर्डला. मग दुसऱ्या खेळाडूने कुठे जायचं? त्याच्यासाठी यूएसबीच्या जागा वाढवणारा वेगळा हब आणि वेगळी जॉयस्टिक. ही यंत्रं मनापासून बनवलेली आहेत, मला ती आवडतातही. तरी दुसरा माणूस यादीत उशिरा येतो, हे प्रत्येक वेळी नजरेत भरतं.

म्हणून आमच्या पेटीसाठी रिमोट घ्यायची वेळ आली, तेव्हा एक गोष्ट सगळ्यांत आधी ठरवली. पाहुण्यासाठी स्वस्तातला आणि आपल्यासाठी चांगला, असं करायचं नाही. जेवढे घ्यायचे तेवढे एकाच प्रतीचे. पैसे कमी असतील तर एक आत्ता घ्यावा, दुसरा पुढच्या महिन्यात, पण तोच घ्यावा.

मग प्रश्न आला, कुठला? इथे मला दादाच्या हातांचा विचार करावा लागला. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, ज्याच्याकडे तेव्हा पहिला रिमोट असायचा तोच. तो होडीवर असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते तेव्हा तो घरी असतो, आणि पावसात बाहेर पडायची सोय नसली की रात्री तासन्‌तास खेळतो. दोर आणि जाळी ओढून त्याची बोटं जाड झाली आहेत, अंगठ्याची कातडी इतकी टणक की मोबाइलचा पडदा कधीकधी त्याचं बोट ओळखत नाही. जुन्या धाटणीचा, चपटा, चौकोनी रिमोट त्याच्या हातात दिला तर म्हणाला, “ह्यां माझ्या हातात गावणा नाय गो. साबणाची वडी धरल्यासारख्यां वाटता.”

त्याचं खरं होतं. फॅमिकॉमचा चपटा चौकोन लहान हातांनाच बरा. त्याची हुबेहूब नक्कल घेतली की कपाटात शोभते, पण चाळिशीतल्या माणसाचा तळहात अर्ध्या तासात आखडतो. दोन्ही बाजूंना खाली उतरलेल्या मुठी असल्या की वजन तळहातावर येतं आणि अंगठा मोकळा राहतो. दुसरीकडे माझी भाची, भावाची मुलगी, सात वर्षांची. तिच्या हाताला त्या मुठी मोठ्या होतात. दोघांना चालेल असा आकार शोधायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. शेवटी एट-बिट-डू या कंपनीच्या, एसएनईएसच्या वळणाच्या पण मुठी असलेल्या कंट्रोलरवर येऊन थांबले. लहान हात तो मधोमध धरतो, मोठा हात मुठींना धरतो.

जुन्या खेळांसाठी कंट्रोलर निवडताना आधी बघायची ती अधिक चिन्हासारखी कळ, जिला डी-पॅड म्हणतात. निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ च्या हातात मावणाऱ्या ‘डाँकी काँग’ खेळासाठी ती आणली आणि पुढचे पुष्कळ खेळ तिच्याभोवती उभे राहिले. नव्या कंट्रोलरमध्ये गोल फिरणाऱ्या दांड्या पुढे आणि डी-पॅड कोपऱ्यात, अशी मांडणी असते. नव्या खेळांना ती बरोबर आहे. जुन्या खेळांना डी-पॅड अंगठ्याच्या सहज टप्प्यात हवा, वरच्या बाजूला.

डी-पॅड चांगला की वाईट हे ओळखायची एक साधी चाचणी आहे. अंगठा कळीवर ठेवून डावीकडे-उजवीकडे भराभर लोळवायचा आणि पडद्यावर बघायचं, मध्येच ‘वर’ किंवा ‘खाली’ दाबलं जातंय का. मारिओसारख्या खेळात उडीला वेगळं बटण असतं, त्यामुळे चुकून ‘वर’ लागलं तरी फारसं बिघडत नाही. कमोडोर ६४ च्या पुष्कळ खेळांत मात्र उडी म्हणजेच ‘वर’. तिथे जॉयस्टिकवर बटण एकच असायचं. ढिला डी-पॅड असला की धावणारा माणूस उगाच उड्या मारत सुटतो आणि खड्ड्यात पडतो. मग मुलं खेळाला नावं ठेवतात. खेळाचा काही दोष नसतो. अशा खेळांना खरी जॉयस्टिकच हवी, आणि ती मायक्रोस्विचची असावी. दिशा लागली की ‘टक्‌’ असा आवाज येतो आणि हाताला ती खूण पुरते.

आता आमच्या हवेबद्दल. घाटावरच्या किंवा मुंबईच्या उंच इमारतीतल्या माणसाला हा भाग कदाचित अनावश्यक वाटेल, पण समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याने आधी हाच वाचावा. सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. उरलेले महिने वाऱ्याबरोबर मीठ येतं. खिडकीच्या गजांना, गाडीच्या नटांना ते खातं, तसंच यूएसबीच्या पिनांनाही. तांब्यावर हिरवट थर चढतो. डी-पॅड आणि बटणांच्या खाली सिलिकॉन रबराची गादी असते, तिच्या पोटात कार्बनचा काळा ठिपका. बटण दाबलं की तो ठिपका बोर्डावरच्या पट्ट्यांना टेकतो आणि सर्किट जुळतं. त्या पट्ट्यांवर ओलसर मळ साचला की बटण दोनदा दाबावं लागतं किंवा दाबलेलंच राहतं. लोक लगेच रिमोट बिघडला म्हणून टाकून देतात. खरं तर मागचे स्क्रू काढून, इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या आणि ठिपके हलक्या हाताने पुसले की बहुतेक वेळा तो पुन्हा चालतो. मेडिकलवाल्याकडे ७० टक्क्यांचं मिळतं, त्यात पाणी फार. ९९ टक्क्यांचं मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळतं, तेच घ्यावं. नखाने किंवा पॉलिश पेपरने खरवडू नये; वरचा कार्बनचा थर एकदा गेला की परत येत नाही.

दांड्या असलेले कंट्रोलर घेणार असाल तर हॉल इफेक्टच्या दांड्यांचे घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे. साध्या दांडीत एक पातळ पट्टी आणि तिच्यावर घासणारं टोक असतं. ती पट्टी झिजली, मळली की हात न लावताही खेळातला माणूस एका बाजूला सरकत राहतो. हॉल इफेक्टमध्ये चुंबक फिरतो आणि सेन्सर त्याचं क्षेत्र मोजतो. घासण्यासारखं काही नाही, त्यामुळे आमच्या हवेत ते जास्त टिकण्यासारखं आहे.

ठेवायचं कुठे, हाही प्रश्न आहेच. पावसाळ्यात रिमोट टीव्हीच्या खणात नुसते पडले तर त्यांच्यावर बुरशीची पांढरी साय येते. आम्ही घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, आत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारी सिलिका घेतली तर ती ओली झालेली कळते, निळी असेल तर गुलाबी होते. मग पुडीतून काढून मंद आचेवर कोरडी गरम केली की पुन्हा कामाला येते. त्यासाठीची कढई वेगळी ठेवावी, स्वयंपाकाची वापरू नये. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. तांदळात ठेवायचा सल्ला सगळेच देतात, पण तांदूळ फारसा ओलावा ओढत नाही आणि त्याची पूड यूएसबीच्या तोंडात जाऊन बसते.

वायरवाला की बिनवायरचा, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. मुंबईच्या भावाला वायरी नकोत. मी वायरीच्या बाजूने आहे आणि त्याला कारणं आहेत. जुने खेळ सेकंदाला ६० चित्रं दाखवतात, म्हणजे एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांचं. जुन्या डब्बा टीव्हीवर बटण दाबलं की परिणाम लगेच दिसायचा. आताचा सपाट टीव्ही चित्र सुधारायला स्वतःचा वेळ घेतो, त्यात ब्लूटूथचा उशीर मिळवला की मारिओ खड्ड्याच्या काठावर उडी मारायच्या ऐवजी सरळ खाली जातो. माणसाला वाटतं, वय झालं, हात पूर्वीसारखा चालत नाही. आमच्या काकीला असंच वाटलं होतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ लावला, रिमोटला वायर जोडली, आणि काकी पुन्हा पहिल्यासारखी खेळायला लागली. ज्यांच्याकडे जुने खेळ आणि नवा टीव्ही आहे त्यांनी काहीही विकत घ्यायच्या आधी हे एक करून बघावं, त्याला पैसे पडत नाहीत.

दुसरं कारण बॅटरीचं. आमच्याकडे पेटी मे महिन्याच्या सुट्टीत, मासेमारीबंदीत आणि चतुर्थीला चालते, एरवी बंद. बिनवायरच्या रिमोटमधली लिथियमची बॅटरी महिनोन्‌महिने रिकामी पडून राहिली की खराब होते. वायरवाला रिमोट दोन वर्षांनी डब्यातून काढला तरी चालायला तयार. ज्याला बिनवायरचाच हवा त्याने ब्लूटूथपेक्षा स्वतःचा छोटा डाँगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा रिसीव्हर, असलेला घ्यावा, आणि तो डाँगल पायच्या काळ्या यूएसबीत लावावा, निळ्यात नको. निळी जागा यूएसबी ३ ची असते, आणि ती वापरात असताना जो विद्युत गोंगाट निघतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींना त्रास देतो.

वायरीची लांबीही आपल्या बसण्यावर ठरते. आम्ही सोफ्यावर बसून खेळत नाही. चटई टाकून, भिंतीला टेकून, टीव्हीपासून चांगलं लांब बसतो, कारण मधल्या जागेत कुणीतरी भाजी निवडत असतं, कुणीतरी गणपतीवर बांधायच्या माटवीचं सामान लावत असतं. तीन मीटरच्या खाली वायर नको. यूएसबी २ ची तार पाच मीटरपर्यंत नीट चालते, त्यामुळे चांगल्या प्रतीची एक्स्टेन्शन लावायला हरकत नाही. तळाला रबरी चूषक असलेल्या जॉयस्टिक गुळगुळीत लादीवर घट्ट बसतात. सारवलेल्या जमिनीवर किंवा खरखरीत फरशीवर त्यांचा काही उपयोग नाही, तिथे वजनदार बूड हवं.

ते वजनदार बूड आम्ही इथेच बनवून घेतलं. सावंतवाडीची लाकडी खेळणी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. आमच्या भागात लाकडाला चांगला हात असलेली माणसं अजून आहेत. ओळखीच्या सुतारांकडे फणसाची जुनी फळी होती. नाणं टाकून खेळायच्या आर्केड यंत्रांवर असते तशी उभी दांडी आणि मोठी गोल बटणं मी मागवली, जपानच्या सान्वा कंपनीची. बटणांसाठी ३० मिलिमीटरची भोकं लागतात. इथे एक गोष्ट आधीच कळलेली बरी: सान्वाची बटणं दोन प्रकारची असतात. नुसती दाबून अडकणारी बटणं पातळ पत्र्यासाठी किंवा प्लास्टिकसाठी असतात, लाकडाला मागून नट आवळायची बटणं घ्यावीत. आणि दांडी पुरेशी वर यायला हवी असेल तर फळी खालून कोरून तिथे पातळ करावी लागते. सुतारकाकांनी ते काम पटाशीने इतकं साफ केलं की मी आतली बाजूच कितीतरी वेळ बघत बसले होते. बटणांच्या वायरी, त्यांची खबर संगणकाला पोचवणाऱ्या एका छोट्या यूएसबी एन्कोडर बोर्डाला जातात, सोल्डर न करता नुसत्या खोचायच्या. नवीन कापलेलं फणसाचं लाकूड पिवळंधमक असतं, हात लागत जाईल तसं ते मधाळ तांबूस होत जातं.

दादाला त्या फणसाच्या फळीत त्याचा रिमोट सापडला. मूठभर दांडी, तळव्याने दाबता येतील अशी बटणं, जागची न हलणारी फळी. “ह्यां जमला,” एवढंच म्हणाला आणि पहिल्या रात्री कुणाला हातच लावू दिला नाही. त्याच आठवड्यात मी सुतारकाकांना दुसरी फळी बघायला सांगितली.

पण दोन रिमोट सारखे असणं एवढ्यावरही भागत नाही. आतल्या सेटिंगमध्येही ते सारखे असावे लागतात. पेटीत जुने खेळ चालवणाऱ्या रेट्रोआर्क या प्रणालीत मेन्यू फक्त पहिल्या खेळाडूला उघडता येतो, मुळात तसंच ठरवलेलं असतं. चाळीस वर्षं झाली तरी तीच व्यवस्था! पण इथे ती बदलता येते. सेटिंगमध्ये ‘सगळ्या खेळाडूंना मेन्यू वापरू द्या’ अशा अर्थाचा एक पर्याय आहे, तो सुरू करायचा. मग दुसरा, तिसरा, चौथा, कुणीही खेळ थांबवू शकतो, बदलू शकतो. पहिल्या दिवशी त्यावरून भांडणं होतात, मग पोरं आपापसांत ठरवून घेतात. पोरांना हे ठरवून घेणं आलं पाहिजे.

विजेचं सामान लोक सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत स्वस्त घेतात, ते करू नये. पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात. घरातला कुठलाही मोबाइल चार्जर लावला की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. ती खूण दाब कमी पडतोय याची. चार रिमोट जोडले की गरज आणखी वाढते. वीज जाण्यायेण्याबद्दल कोकणात वेगळं सांगायला नको. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस अंधार होता, आणि साध्या पावसाळी रात्रीसुद्धा दिवे मिणमिणतात. पायचं सगळं घर एका मेमरी कार्डावर असतं, आणि लिहिणं चालू असताना वीज तुटली तर कार्ड बिघडू शकतं. म्हणून एक म्हणजे कार्डाची एक प्रत काढून डब्यात ठेवावी. दुसरं, वीज गेल्यावर काही वेळ पुरवणारा छोटा यूपीएस, म्हणजे राउटरला लावतात तसा, बसवताना तो ५ व्होल्टला पुरते ३ अँपिअर देतो का हे त्याच्या अंगावर वाचूनच घ्यावं, बरेचसे फक्त १२ व्होल्टचे असतात.

पेटीला थंड ठेवायला पंख्याचं कव्हर मिळतं आणि शहरात तेच सुचवतात. माझं मत उलट आहे. पाय ४ साधारण ८० अंशांवर स्वतःचा वेग कमी करू लागतो, तेव्हा थंड ठेवायला हवंच. पण पंखा खारी, दमट हवा थेट बोर्डावर ओढतो. अॅल्युमिनियमचं, स्वतःच उष्णता बाहेर टाकणारं बंद कव्हर घ्यावं. त्यात मुंग्याही कमी शिरतात. रिकाम्या यूएसबींना रबरी बुचं लावावीत. पाय ४ ची मायक्रो एचडीएमआयची जागा नाजूक आहे, सारखी काढघाल केली की ढिली होते, तेव्हा तिथे एक अडॅप्टर कायमचा लावून ठेवावा आणि काढघाल त्याच्या दुसऱ्या टोकाला करावी.

राहिली बंदूक. बदकं मारायची ती बंदूक प्रत्येकाला आठवते आणि प्रत्येक जण विचारतो. जुनी बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा, आणि बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो प्रकाश नेमक्या वेळी पकडायचा. हे सगळं काचेच्या नळीच्या टीव्हीच्या चित्रावर आणि त्याच्या वेगावर बेतलेलं होतं. सपाट टीव्हीत ना तसा प्रकाश, ना तसा वेळ. आता कॅमेरा बसवलेल्या बंदुका निघाल्या आहेत, त्या पडद्याभोवतीची पांढरी चौकट बघून नेम कुठे आहे ते काढतात. महाग आहेत. मी अजून घेतलेली नाही.

पण त्या बदकांच्या खेळात एक गंमत आहे. एका वेळी एकच बदक येतं त्या डावात बंदुकीबरोबर साधा कंट्रोलरही जोडला, तर दुसऱ्या खेळाडूला बदक उडवता येतं. हे मी भाचीला सांगितलं. तेव्हापासून बंदुकीपेक्षा तिला बदकच हवंय. “आत्या, दादाकाकांना बंदूक दे, मी बदक. त्यांना एकही लागू देणार नाही.” दादा बाजूलाच जाळं शिवत बसला होता. “बघूया,” म्हणाला, “खंय जातलंस ती.”

यंदा चतुर्थीआधी चौथा रिमोट येईल, पहिल्या तिघांसारखाच. ‘मायक्रो मेजेस’ म्हणून एनईएससाठी अलीकडे नव्याने लिहिलेला एक खेळ आहे, जेमतेम ४० किलोबाइटचा, आणि चौघांनी एकत्र खेळायचा. तो विकत मिळतो, आणि ज्यांनी इतक्या कमी जागेत तो बसवला त्यांना पैसे देऊनच घ्यावा. बंदुकीसाठी पैसे साठवायला सुरुवात केली आहे. त्यात दादाचेही आहेत.